‘सांगितलं तर फोन जाईल!’

ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, एक्स, यूट्यूब अशा ठिकाणी स्वतःचं अकाउंट ठेवता येत नाही. देशभरासाठी असा कायदा करणारा तो जगातला पहिला देश. ही बातमी आली आणि आपल्याकडच्या आयांच्या तोंडून एकच वाक्य ऐकू येऊ लागलं, ‘आपल्याकडेही करा की हो असंच काहीतरी!’ जानेवारी २०२६ मध्ये गोव्याच्या माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांनी असा विचार सुरू असल्याचं सांगितलं. त्याच महिन्यात केंद्र सरकारच्या आर्थिक पाहणी अहवालातही वयानुसार मर्यादा घालण्याची सूचना आली. म्हणजे हा विषय आता भिशीतल्या आणि शाळेच्या फाटकापाशी रंगणाऱ्या गप्पांपुरता राहिलेला नाही.

आयांचं हे म्हणणं अगदी समजण्यासारखं आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि ‘मोबाइलला हात लावशील तर बघ’ म्हणणाऱ्या आपणच मुलांच्या हातात मोबाइल दिला. कुणी कर्ज काढून दिला, कुणी मंगळसूत्रातले मणी मोडून. शाळा पुन्हा उघडल्या, पण हातातला मोबाइल काही परत आला नाही. आता तो परत घ्यायचा तर कुणीतरी आपल्यापेक्षा मोठ्या माणसाने, म्हणजे सरकारने, घ्यावा असं वाटणं साहजिक आहे.

पण ऑस्ट्रेलियाचा कायदा नीट वाचला तर एक गोष्ट लक्षात येते. नियम मोडला तर तिथे दंड आहे तो कंपनीला. तोही थोडाथोडका नाही, ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. मुलाला शिक्षा नाही, आईवडिलांना शिक्षा नाही. आणि आपल्या घरात जेव्हा बंदी येते, तेव्हा ती कोणावर येते? मुलावर. त्यातही मुलीवर. तिथे दुकानदाराला दंड होतो, इथे गिऱ्हाइकाला. बंदीची मागणी करण्याआधी हा फरक आपण नीट समजून घ्यायला हवा, कारण माझ्या मते मुलांची सुरक्षितता नेमकी याच ठिकाणी अडली आहे.

आधी धोका नेमका कशाचा आहे ते पाहू. ‘इंटरनेटमुळे मुलं बिघडतात’ असं आपण सरसकट म्हणून टाकतो, पण त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि तिघींचे उपाय वेगळे आहेत.

पहिला धोका समोर येणाऱ्या मजकुराचा. लंडनमधली मॉली रसेल ही चौदा वर्षांची मुलगी नोव्हेंबर २०१७ मध्ये गेली. तिने स्वतःचं आयुष्य संपवलं. तिचे वडील इयान रसेल यांनी पुढची पाच वर्षं एका प्रश्नाचा पाठपुरावा केला, माझ्या मुलीला शेवटच्या दिवसांत काय दाखवलं जात होतं? सप्टेंबर २०२२ मध्ये तिच्या मृत्यूची न्यायालयीन चौकशी झाली तेव्हा ते उघड झालं. शेवटच्या सहा महिन्यांत तिने इन्स्टाग्रामवर जपून ठेवलेल्या, पसंत केलेल्या किंवा पुढे पाठवलेल्या सुमारे १६,३०० पोस्टपैकी २,१०० पोस्ट आत्महत्या, स्वतःला इजा करून घेणं आणि नैराश्य यांविषयीच्या होत्या. पिंटरेस्ट या दुसऱ्या साइटवरून तर तिला ‘नैराश्याविषयीची ही चित्रं तुम्हाला आवडतील’ अशा अर्थाचे ई-मेल येत होते. कॉरोनरने आपल्या निष्कर्षात नैराश्याबरोबरच ऑनलाइन मजकुराच्या दुष्परिणामांचा स्पष्ट उल्लेख केला. एखाद्या मुलीच्या मृत्यूला सोशल मीडियाचा हातभार लागला, असं चौकशीच्या अधिकाऱ्याने लेखी नमूद करणं ही मोठी गोष्ट होती.

यातली कळीची गोष्ट अशी की, हे सगळं मॉली शोधत बसली नव्हती. बरंचसं तिच्यापुढे आणून ठेवलं जात होतं. आपला वाणी बघा, आपण कुठल्या डब्यापाशी दोन क्षण रेंगाळलो ते त्याच्या ध्यानात राहतं आणि पुढच्या वेळी तो तेच आधी काढतो. इथे वाण्याच्या जागी यंत्र आहे. ते गिऱ्हाइकाचं तोंड बघत नाही, वय बघत नाही. चौदा वर्षांची पोरगी एखाद्या उदास रीलवर चार सेकंद जास्त थांबली, की त्याच जातीचं दुसरं, मग तिसरं, मग त्याहून उदास. वजन कमी करण्याचं एक रील बघितलं की उपाशी राहण्याची दहा. फेसबुकमध्ये काम केलेल्या फ्रान्सिस हॉगन यांनी २०२१ मध्ये कंपनीची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आणली. त्यांत कंपनीच्याच पाहणीतली नोंद होती की, आपल्या शरीराबद्दल आधीच वाईट वाटत असलेल्या किशोरवयीन मुलींपैकी ३२ टक्के मुलींना इन्स्टाग्राममुळे आणखी वाईट वाटलं. म्हणजे कंपनीला ठाऊक होतं.

दुसरा धोका माणसांचा. गेम खेळता खेळता ओळख झालेला ‘दादा’, इन्स्टाग्रामवर फॉलो करणारी गोड बोलणारी ‘ताई’. आधी कौतुक, मग गुपितं, मग एखादा फोटो, आणि मग धमकी. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आपल्याला वाटतं, हे फक्त मुलींच्या बाबतीत होतं. पैशासाठी होणाऱ्या अशा ब्लॅकमेलमध्ये चौदा ते सतरा वयाचे मुलगे मोठ्या प्रमाणावर सापडतात, असं अमेरिकेची तपास यंत्रणा एफबीआय गेली काही वर्षं सांगते आहे. समोरून मुलगी असल्याचं भासवून व्हिडिओ कॉल करायचा, तो रेकॉर्ड करायचा आणि ‘तुझ्या सगळ्या मित्रांना पाठवतो’ म्हणून पैसे मागायचे. मुलगा म्हणून त्याला ‘रडतोस काय बायकांसारखा’ असं ऐकायची सवय असते, त्यामुळे तो तर मुळीच तोंड उघडत नाही.

तिसरा धोका अगदी जवळचा, आपल्याच वर्गातल्या, आपल्याच गल्लीतल्या मुलांचा. मैत्रिणीच्या हळदीतला फोटो व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवरून उचलायचा आणि एखाद्या अॅपमध्ये टाकून त्यावरून नग्न चित्र तयार करायचं. पूर्वी याला संगणकातलं काहीतरी यावं लागायचं. आता एआयमुळे ते आठवी-नववीतल्या पोरालाही काही मिनिटांत जमतं.

हे तिन्ही धोके खरे आहेत, पण आपण मात्र पुष्कळदा चौथ्याच गोष्टीला घाबरतो. २०१७ चा ‘ब्लू व्हेल’ आठवतो ना? मुंबईत एका चौदा वर्षांच्या मुलाच्या मृत्यूनंतर घराघरांत त्या जीवघेण्या खेळाची दहशत पसरली होती. शाळांनी पालकांना पत्रकं पाठवली, सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये कंपन्यांना त्याच्या लिंक काढून टाकायला सांगितल्या. पुढे जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारने संसदेत सांगितलं की, तपासलेल्या कुठल्याही घटनेत या खेळाचा संबंध सिद्ध करता आला नाही. मुलं गेली होती हे खरं, त्यांची दुःखं खरी होती. पण आपण एका खेळाचं नाव धरून बसलो आणि ती मुलं एकटी का पडली होती, हा प्रश्न बाजूलाच राहिला. तेव्हापासून दर वर्ष-दोन वर्षांनी नव्या नावाचं भूत येतं, ग्रुपवर फॉरवर्ड होतं आणि जातं. मुलांना हे फॉरवर्ड हास्यास्पद वाटतात. ‘आईला काही कळत नाही’ हे त्यांचं मत त्यातूनच पक्कं होतं.

आता आपल्या घरांकडे वळू. ‘प्रथम’ संस्थेचा ‘असर २०२४’ हा ग्रामीण भारताचा अहवाल जानेवारी २०२५ मध्ये आला. त्यात चौदा ते सोळा वयाच्या मुलांना स्मार्टफोनविषयी विचारलं होतं. सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता आणि ८२ टक्के मुलांना तो वापरता येत होता. वापरता येणाऱ्यांपैकी आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन हाती घेतलेले ५७ टक्के, तर सोशल मीडियासाठी घेतलेले ७६ टक्के. आणि हे खेड्यापाड्यांचं चित्र आहे बरं का, पुण्या-मुंबईचं नव्हे. सोशल मीडिया वापरणाऱ्या या मुलांपैकी ६२ टक्के मुलांना एखाद्याला ब्लॉक कसं करायचं किंवा त्याची तक्रार कशी करायची हे माहीत होतं. आपल्यापैकी किती जणींना ते येतं, हे ज्याचं त्याने मनाशी बघावं.

त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे, तो बायकांनी लक्षात ठेवण्यासारखा. फोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी सुमारे ३६ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी सुमारे २७ टक्क्यांकडेच. म्हणजे बहुतेक मुली बाबांचा, आईचा नाहीतर दादाचा फोन वापरतात. आपल्याला वाटतं, बरंच आहे की, नजरेखाली राहते. पण यंत्राला कुठे कळतं की आता फोन कोणाच्या हातात आहे? चोवीस वर्षांच्या दादाने रात्री जे बघितलं, त्याच्याच जातीचं सकाळी अकरा वर्षांच्या बहिणीपुढे येतं. सोळा वर्षांखालच्यांना अकाउंट नको, हा नियम उद्या आपल्याकडे आला तरी या घरात काय फरक पडणार? अकाउंट तर दादाचंच आहे.

बंदी निरुपयोगी आहे असं मला म्हणायचं नाही. ऑस्ट्रेलियात कायदा लागू झाल्यावर महिन्याभरातच सुमारे ४७ लाख अकाउंट बंद झाल्याचं तिथल्या नियामक कार्यालयाने सांगितलं. कंपन्यांनी मनात आणलं, किंवा दंडाच्या भीतीने त्यांना मनात आणावं लागलं, तर बरंच काही करता येतं हे त्यावरून दिसतं. ब्रिटननेही २०२३ चा ऑनलाइन सुरक्षा कायदा करून जुलै २०२५ पासून मुलांपुढे आत्महत्या, उपासमार, अश्लीलता यांचा मजकूर येऊ न देण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली आहे. मॉलीच्या वडिलांसारख्या पालकांनी वर्षानुवर्षं लावून धरलं, म्हणून हे झालं.

आपल्याकडे काय आहे? २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा सांगतो की, अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घेण्याआधी कंपनीने पालकांची पडताळून संमती घ्यावी आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवू नयेत. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि या तरतुदींसाठी कंपन्यांना अठरा महिन्यांची मुदत मिळाली. कायदा चांगला आहे. पण ‘पालकांची संमती’ म्हणजे प्रत्यक्षात काय होणार? पोरगी फोन घेऊन स्वयंपाकघरात येणार, ‘आई, इथे फक्त ओके कर,’ म्हणणार. आईचा एक हात कणकेत. ती ओके करणार. आणि उद्या काही विपरीत घडलं तर कंपनी म्हणणार, संमती तुमचीच होती. घरातले म्हणणार, आईचं लक्ष कुठे होतं? मूल पहिलं आलं तर ते वडिलांच्या वळणावर जातं आणि बिघडलं की आईच्या, हे आपल्याला नवं नाही. सगळा भार ओके दाबणाऱ्या बोटावर टाकून चालणार नाही, ज्याने यंत्र बनवलं त्याच्यावरही तो हवा, हे आपण बायकांनी मोठ्याने म्हटलं पाहिजे.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते.

आमच्या मंडळातर्फे वस्तीतल्या सातवी ते दहावीच्या मुलींसाठी आठवड्यातून एकदा वर्ग चालतो. तिथे आम्ही एक डबा ठेवला आहे. मुलींनी नाव न घालता चिठ्ठीत प्रश्न लिहायचा. मोबाइलविषयी लिहा म्हटल्यावर चिठ्ठ्या भराभर आल्या. कुणी अनोळखी माणसाने पाठवलेल्या घाणेरड्या फोटोविषयी लिहिलं होतं, कुणी खोट्या अकाउंटविषयी, कुणी ‘तो म्हणतो स्क्रीनशॉट घरी पाठवीन’ असं. चिठ्ठ्या वेगवेगळ्या हातांच्या होत्या, पण एक वाक्य पुन्हा पुन्हा येत होतं, ‘घरी सांगितलं तर फोन जाईल.’ एकीने त्यापुढे लिहिलं होतं, ‘आणि शाळा पण.’

ही भीती उगीच नाही. नववीतल्या एका मुलीचं उदाहरण सांगते. मामेबहिणीच्या लग्नातला तिचा साडीतला फोटो कुणीतरी उचलला, त्याचं वाईट चित्र केलं आणि तिलाच पाठवलं. ‘मी सांगतो तसं केलं नाहीस तर हे सगळीकडे जाईल.’ तीन आठवडे ती गप्प होती. आधी त्याने आणखी फोटो मागितला, मग पैसे. तिने आईच्या डाळीच्या डब्यातले पैसे दिले. पैसे कमी झाल्याचं आईच्या लक्षात आलं, तेव्हा सगळं बाहेर पडलं. पुढे काय झालं? फोन काढून घेतला. शिकवणी बंद. शाळेत जाताना बरोबर भाऊ. दोन महिन्यांत काकांनी एक स्थळ सुचवलंसुद्धा, वय पंधरा असताना! आणि तो मुलगा? तो जवळच्याच वस्तीतला निघाला. ‘पोरगाच आहे, चुकलं,’ म्हणून मोठ्यांनी आपसात मिटवायचं ठरवलं होतं. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय! पुष्कळ समजावल्यावर तिची आई तक्रार करायला तयार झाली, तक्रार नोंदवली गेली, चित्र काढलं गेलं, स्थळाचा विषय मागे पडला आणि मुलगी पुन्हा शाळेत जाऊ लागली. पण तिने मला विचारलेला प्रश्न मी विसरू शकत नाही. ‘काकू, मी पहिल्या दिवशीच सांगितलं असतं तर घरच्यांनी वेगळं वागवलं असतं का?’

विचार करा, तीन आठवडे त्या मुलाच्या हातात कुठलं हत्यार होतं? चित्र होतं, हे खरं. पण ते हत्यार चाललं कशावर? घरी कळलं तर काय होईल, या तिच्या भीतीवर. ब्लॅकमेल करणाऱ्याचा सगळा धंदा या एका भरवशावर चालतो की, मूल घरी बोलणार नाही. आपण फोन काढून घेण्याची धमकी देतो, तेव्हा आपल्याला वाटतं आपण मुलीभोवती कुंपण घालतोय. प्रत्यक्षात आपण त्या माणसाचं काम सोपं करत असतो.

मॉलीच्या बाबतीत वेगळ्या प्रकारे हेच दिसतं. तिच्या घरच्यांना वरवर काही वेगळं दिसलं नव्हतं. प्रेमळ घर होतं. पण तिच्या फोनमध्ये काय चाललंय, ते फोनमध्येच राहिलं. कंपनीची जबाबदारी यातून तसूभरही कमी होत नाही. पण कायदे यायचे तेव्हा येतील, आजच्या रात्री मुलाने तोंड उघडावं यासाठी घरात जागा करणं एवढं तरी आपल्या हातात आहे.

मग मुलांना मोकळं सोडायचं का? मुळीच नाही. नियम आणि शिक्षा यांत फरक करायचा. नियम आधी ठरतो, सगळ्यांना सारखा असतो. रात्री दहानंतर सगळ्यांचे फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला, त्यात बाबांचाही. जेवताना कुणीच फोन घ्यायचा नाही. लहान मुलांनी फोन बघायचा तो सगळे असतात त्या खोलीत. सामायिक फोनवर छोट्यांसाठी वेगळं अकाउंट किंवा ‘यूट्यूब किड्स’. अकाउंट काढताना वय खोटं घालायचं नाही, कारण खरं वय घातलं तरच कंपनीने मुलांसाठी केलेल्या थोड्याफार सोयी लागू होतात. इन्स्टाग्रामने किशोरवयीनांसाठी वेगळी, बंधनं असलेली अकाउंट २०२४ मध्ये जाहीर केली आणि २०२५ मध्ये ती भारतातही आली. पण मुलीचं वय एकवीस लिहिलं असेल तर त्यांचा काय उपयोग? हे झाले नियम. शिक्षा मात्र मुलाने विश्वासाने येऊन सांगितल्यावर करायची नाही, म्हणजे नाही. त्यासाठी आधी शब्द द्यावा लागतो आणि पाळावा लागतो.

मूल येऊन सांगेल तेव्हा काय करायचं, हेही आधी माहीत हवं. कारण त्या क्षणी आपले हातपाय गळतात.

सगळ्यात आधी तिचं ऐकून घ्या. ‘तू फोटो पाठवलासच का?’ हा प्रश्न गिळून टाका. पैसे देऊ नका, एकदा दिले की मागणी थांबत नाही. गप्पांचे मेसेज, समोरच्याचं नाव, नंबर, अकाउंटची लिंक हे सगळं जपून ठेवा, रागाच्या भरात पुसून टाकू नका. मात्र मुलाचं अश्लील चित्र ‘पुरावा’ म्हणून नातेवाइकांना किंवा पालकांच्या ग्रुपवर पाठवू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब नुसार ते पुढे पाठवणं हाच गुन्हा आहे आणि पहिल्या गुन्ह्यालाही पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अशी चित्रं नुसती बाळगणंही गुन्हा ठरू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात स्पष्ट केलं आहे. त्यामुळे लिंक आणि तपशील घेऊन थेट पोलिसांकडे जा.

‘चित्र खोटं आहे, मग गुन्हा कसला?’ असं कुणी म्हटलं तर त्याला सांगा की, पोक्सो कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आहे. संगणकावर तयार केलेलं किंवा बदललेलं, पण मूल असल्याचं भासणारं चित्रही त्यात येतं. ‘आपसात मिटवू’ म्हणणाऱ्यांना हेही सांगा की, मुलावरच्या अशा गुन्ह्याची माहिती असून ती न देणं याच कायद्यानुसार शिक्षेला पात्र आहे.

पोलीस ठाण्याची पायरी चढायची म्हटलं की आईच्या पोटात गोळा येतो. पण पोक्सो कायद्यात मुलांसाठी काही सवलती मुद्दाम ठेवल्या आहेत. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि अधिकाऱ्याच्या अंगावर गणवेश नसावा. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. आणि त्याचं नाव, शाळा, पत्ता जाहीर करता येत नाही. हे आपण स्वतःहून सांगितलं की समोरच्याचंही वागणं बदलतं, असा माझा अनुभव आहे.

घरबसल्या तक्रार करायची तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन हे सरकारचं पोर्टल आहे. तिथे महिला आणि मुलांविषयीची तक्रार नाव न सांगताही करता येते. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० ला फोन करायचा. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८, ती मूल स्वतःही लावू शकतं. मूल फार उदास असेल, जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलत असेल तर त्याला एकटं सोडू नका. १४४१६ हा सरकारचा ‘टेलिमानस’ नंबर आहे, तिथे मानसिक आरोग्याविषयी विनाशुल्क बोलता येतं. आणि अठरा वर्षांखालच्या मुलाचं चित्र पसरण्याची भीती असेल तर ‘टेक इट डाउन’ ही अमेरिकेतल्या एका संस्थेची मोफत सेवा जगभरात कुठूनही वापरता येते. चित्र आपल्या फोनमधून बाहेर जात नाही, फक्त त्याचा अंगठ्याच्या ठशासारखा एक डिजिटल ठसा जातो आणि त्यावरून सहभागी कंपन्या ते चित्र ओळखून हटवतात. हे नंबर फ्रीजवर, देवघराशेजारी, दुधाच्या हिशेबाच्या वहीत, जिथे सगळ्यांची नजर जाते तिथे लिहून ठेवा.

शेवटी शाळांविषयी. पालकसभेत आपण गणवेश आणि फी यांवर तासभर बोलतो. यंदा एक प्रश्न विचारू या, कुणा मुलाने अशी तक्रार आणली तर शाळेत ती कोण ऐकणार? त्या शिक्षकाचं नाव मुलांना ठाऊक आहे का? आणि मुलग्यांच्या पालकांनी आपल्या मुलाशी निराळं बोलायला हवं. दुसऱ्याच्या मुलीचं चित्र पुढे पाठवणं ही गंमत नाही, गुन्हा आहे, हे त्याला पोलिसांनी सांगण्याआधी आईने सांगितलेलं बरं.

कायदा येईल, कदाचित बंदीही येईल. ती कंपन्यांना धाक घालणारी असावी म्हणून आपण आग्रह धरू या. पण ती येईपर्यंत, आणि आल्यावरही, मुलांच्या मनातलं ‘सांगितलं तर फोन जाईल’ हे वाक्य पुसण्याचं काम कुठलंच सरकार करणार नाही. ते आपलं आहे. मैत्रिणींनो, आज रात्री भांडी आवरून झाली की मुलीला, मुलाला जवळ बसवा आणि एवढंच सांगा, ‘फोनवर काहीही झालं, अगदी तुझ्याच हातून झालं, तरी आधी मला सांग. मी फोन काढून घेणार नाही आणि शाळाही बंद करणार नाही.’ आणि खरंच ती वेळ आली, तर दिलेला शब्द मोडू नका.